दात कोरून पोट भरत नाही : दातांचा दवाखाना कोणाच्या बळावर चालतो?

एकाच गल्लीत कापडाची दोन दुकाने असतात. माल एकाच बाजारातून येतो, भावातही फारसा फरक नसतो. तरी एका दुकानात गिऱ्हाइकांना बसायला जागा नसते आणि दुसऱ्यात मालक वर्तमानपत्र वाचत बसलेला असतो. याचे कारण आपल्या व्यापारी बांधवांना समजावून सांगण्याची गरज नाही. माल दाखवणारा नोकर, माप घेणारा शिंपी, हिशेब लिहिणारा मुनीम आणि गाठोडे बांधून देणारा पोऱ्या, या चौघांच्या वागण्यावर दुकान उभे राहते किंवा बसते.

दातांच्या दवाखान्याचेही असेच आहे. दोन डॉक्टर एकाच महाविद्यालयातून बी.डी.एस. होऊन बाहेर पडतात. दोघांची खुर्ची सारखी, यंत्रे सारखी, पाटीवरची अक्षरेही सारखी. पाच वर्षांनी एकाकडे आगाऊ वेळ घ्यावी लागते आणि दुसरा दवाखाना विकायला काढतो. लोक म्हणतात, पहिल्याच्या हाताला गुण आहे. हाताला गुण असेलही. पण त्या हाताच्या मागे आणखी किती हात आहेत, हे सहसा कोणी पाहत नाही. या लेखात आम्ही ते हात मोजणार आहोत.

हा विषय निवडण्यामागे तीन कारणे आहेत. आपल्यापैकी प्रत्येक जण कधी ना कधी या खुर्चीत बसतो, तेव्हा चांगला दवाखाना ओळखता यायला हवा. दुसरे, व्यापारी आणि कारागिरांच्या घरांतून दंतवैद्यक शिकणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढली आहे आणि त्यांच्या दवाखान्यासाठी भांडवल घालणारे वडील हिशेबाच्या बाजूने अनेकदा अंधारात असतात. तिसरे, येथे जे दिसते ते चार-पाच माणसे ठेवून चालणाऱ्या कोणत्याही धंद्याला लागू पडते.

पाया घालणारे डॉक्टर आणि त्यांचे दुकान

भारतात आधुनिक दंतवैद्यकाचे शिक्षण सुरू करणाऱ्या डॉ. रफीउद्दीन अहमद यांची कथा व्यापाऱ्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९० रोजी बंगालमध्ये झाला. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातून १९१५ मध्ये त्यांनी दंतवैद्यकाची पदवी घेतली, बोस्टनला लहान मुलांच्या दंतरुग्णालयात काम केले आणि मग ते कलकत्त्याला परतले. १९२० मध्ये त्यांनी तेथे देशातील पहिले दंत महाविद्यालय काढले. त्यासाठी पैसा कोठून आणायचा? त्यांनी 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचे सरबत-आइस्क्रीमचे दुकान चालवले आणि त्या कमाईतून महाविद्यालय पोसले. १९४९ मध्ये ते महाविद्यालय त्यांनी राज्य सरकारच्या स्वाधीन केले. पुढे ते पश्चिम बंगालचे मंत्री झाले, १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांचा जन्मदिवस आपल्याकडे राष्ट्रीय दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो.

डॉ. अहमद यांनी एकट्याच्या कौशल्यावर विसंबून काम केले नाही. महाविद्यालयाबरोबर त्यांनी दंतवैद्यकाचे नियतकालिक काढले, संघटना बांधली, कायद्यासाठी प्रयत्न केले. स्वतंत्र भारतात १९४८ साली दंतवैद्यक कायदा झाला. या कायद्याने एकट्या डॉक्टरची नोंद घेतली नाही. त्यात तीन प्रकारची माणसे धरली होती : दंतवैद्य, दात साफ करणारा व निगा शिकवणारा हायजिनिस्ट, आणि कवळी व कॅप बनवणारा मेकॅनिक म्हणजे तंत्रज्ञ. २०२३ मध्ये या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संसदेने मंजूर केला. म्हणजे हे काम एकाचे नाही, ही गोष्ट कायदा करणाऱ्यांना पंचाहत्तर वर्षांपूर्वीच उमगली होती. आमच्या अनेक डॉक्टर बांधवांना ती अजून उमगायची आहे.

आधी हिशेब पाहू

तोंडी उपदेशापेक्षा व्यापाऱ्याला आकडा लवकर पटतो. समजा, तालुक्याच्या गावी एका खुर्चीचा दवाखाना आहे. जागेचे भाडे २५,००० रुपये, यंत्रांचा हप्ता ३०,०००, वीज, पाणी, औषधे व साहित्य ३५,००० आणि नोकरांचे पगार ४०,००० धरले, तर महिन्याचा खर्च १,३०,००० रुपये होतो. दवाखाना महिन्यातून २६ दिवस, रोज ८ तास उघडा राहिला, तर एकूण २०८ तास झाले. भागाकार केला की तासाला ६२५ रुपये येतात. खुर्चीत रुग्ण असो वा नसो, घड्याळाचा काटा एक फेरी फिरला की एवढे पैसे गेले. डॉक्टरच्या घरखर्चाचा यात अजून एक पैसाही धरलेला नाही.

आता वेळ देऊनही रोज एक रुग्ण आला नाही आणि पाऊण तास खुर्ची रिकामी राहिली, तर महिन्याला बारा हजार रुपयांहून अधिक नुकसान होते. डॉक्टर स्वतः फोन घेण्यात, अवजारे धुण्यात आणि पावत्या लिहिण्यात रोज दीड तास घालवत असेल, तर महिन्याचे ३९ तास म्हणजे २४,३७५ रुपये त्या कामात गेले. एवढ्या पैशांत गावाकडे एक चांगला मदतनीस मिळतो. तरीही "सध्या माणूस परवडत नाही" असे म्हणत डॉक्टर एकटाच धावत राहतो. दात कोरून पोट भरत नाही, ही आपली जुनी म्हण. ती येथे अक्षरशः खरी ठरते.

काउंटरवरचा माणूस

दवाखान्यात पाय ठेवताच पहिली गाठ पडते ती काउंटरवर बसणाऱ्याशी. पूर्वी हे काम कंपाउंडरच करीत असे; आता मोठ्या दवाखान्यांत त्यासाठी वेगळी मुलगी किंवा मुलगा असतो. पुष्कळांना वाटते, फोन उचलणे आणि नाव लिहिणे एवढेच हे काम आहे. पण दवाखान्याची वेळ म्हणजेच दवाखान्याचा माल, आणि तो माल विकणारा हाच माणूस आहे.

रूट कॅनॉलला तासभर लागू शकतो, कॅप बसवून पाहायला त्याहून कमी, तर टाके काढायला दहा मिनिटे पुरतात. हे ज्याला माहीत आहे तो वही अशी भरतो की खुर्ची रिकामी राहत नाही आणि बाहेरच्या बाकावर गर्दीही साचत नाही. ठणकणारी दाढ घेऊन कोणी ना कोणी रोज येणारच, म्हणून तो सकाळी आणि संध्याकाळी थोडी जागा मोकळी ठेवतो. आदल्या दिवशी आठवणीचा फोन किंवा मोबाइलवर संदेश पाठवतो. कोणी येणार नसेल तर ते आजच कळते आणि ती वेळ दुसऱ्याला देता येते.

त्याच्या बोलण्यालाही मोल आहे. एखादे वयस्क गृहस्थ गाल धरून येतात आणि विचारतात, "बेटा, डॉक्टरसाहेब आहेत का? रात्रभर डोळा लागला नाही." जाणता माणूस त्यांना बसवतो, पाणी देतो आणि विचारतो, "चाचा, सूज आहे का? ताप आला होता का? शुगरची, ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे का? रक्त पातळ करणारी गोळी घेता का? एखाद्या औषधाची अॅलर्जी?" उत्तरे तो कागदावर लिहून आत पाठवतो. गोळी बंद करा किंवा चालू ठेवा, हे सांगण्याचा अधिकार त्याचा नाही. ते डॉक्टर ठरवतील. पण दात काढायला घेण्यापूर्वी ही माहिती डॉक्टरच्या हाती आहे की नाही, यावर कधी कधी रुग्णाचा जीव अवलंबून असतो.

स्थानिक चालीरीतींची जाणही येथेच उपयोगी पडते. रमजानमध्ये मुस्लिम वस्तीतल्या दवाखान्यात दुपारी शुकशुकाट असतो आणि इफ्तारनंतर रांग लागते. शहाणा काउंटरवाला महिनाभर आधीच वेळापत्रक बदलतो, लांबलचक कामे रात्रीच्या वेळेत घेतो आणि मधुमेह असलेल्या रोजेदाराची गाठ आधी डॉक्टरांशी घालून देतो. यंत्रमागाच्या गावात पाळी कधी बदलते, आठवड्याचा बाजार कोणत्या दिवशी भरतो, पगार कधी होतो, हेही त्याला ठाऊक हवे.

पैशाची बोलणीही त्यानेच स्वच्छ करावीत. एकूण खर्च किती, आज किती भरायचे, बाकी कोणत्या तारखेला, हे उपचार सुरू होण्यापूर्वी लेखी द्यावे. उधारीवरून जेवढी गिऱ्हाइके तुटतात तेवढी भावावरून तुटत नाहीत, हा व्यापारातला जुना अनुभव आहे.

खुर्चीजवळचा मदतनीस

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात डॉ. एडमंड केल्स नावाचे दंतवैद्य होते. १८८५ मध्ये त्यांनी मदतीला एक बाई ठेवली, आणि त्या काळी अशा दवाखान्यांच्या खिडकीवर 'येथे बाई हजर असतात' अशी पाटी झळकू लागली. कारण उघड होते. त्या काळी स्त्रिया परपुरुषाच्या दवाखान्यात एकट्या जात नसत. बाई हजर आहे म्हटल्यावर त्या येऊ लागल्या आणि दवाखान्याचे निम्मे बंद दार उघडले. आपल्याकडेही ही गोष्ट जुनी झालेली नाही. घरातल्या आपा किंवा खालाजान दाढदुखी महिनोन्महिने अंगावर काढतात, त्यामागे संकोच हे एक कारण असते. दवाखान्यात एक समंजस स्त्री मदतनीस असेल तर हा संकोच बराच कमी होतो. कोणत्याही जाहिरातीपेक्षा याचा उपयोग अधिक होतो, असे आमचे मत आहे.

मदतनीसाचे काम कौशल्याचे आहे. डॉक्टर एका बाजूला आणि मदतनीस समोरच्या बाजूला बसून चार हातांनी काम करण्याची पद्धत अमेरिकेत १९६० च्या दशकात चांगली रुळली. डॉक्टरची नजर दातावर असते. पुढचे अवजार कोणते लागणार हे मदतनीसाला न सांगता कळते, आणि ते रुग्णाच्या डोळ्यांसमोरून न नेता हनुवटीखालून डॉक्टरच्या हातात जाते. दुसऱ्या हाताने तो तोंडातील पाणी ओढून घेतो, जीभ आणि गाल बाजूला धरतो. डॉक्टरला प्रत्येक वेळी मान वळवावी लागली नाही म्हणजे वेळ वाचतो. त्याची मान आणि कंबरही वाचते. या व्यवसायात मान-पाठीची दुखणी फार आहेत.

दातांचे माप घेण्यासाठी जी पावडर कालवतात तिचे नाव अल्जिनेट. ती समुद्री शेवाळापासून बनते. पाणी कोमट असले तर ती लवकर घट्ट होते, थंड असले तर उशिरा. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात पाणी कसे घ्यायचे, किती झपाट्याने कालवायचे, हे हाताला कळावे लागते. माप निघाल्यावर ते उघडे पडून राहिले तर त्यातले पाणी उडून ते आकसते आणि त्यावर बनलेली कवळी तोंडात बसत नाही. म्हणून ते ओल्या कपड्यात ठेवून लवकर साचा ओतावा लागतो. कवळी सैल झाली की रुग्ण डॉक्टरला बोल लावतो. चूक कदाचित मदतनीसाने माप अर्धा तास टेबलावर विसरण्याची असते, आणि त्याला ते कोणी शिकवलेलेच नसते.

अवजारे धुणारे हात

आता आपण ज्या माणसाकडे येत आहोत त्याला बहुतेक ठिकाणी सर्वांत कमी पगार मिळतो. कोणी त्याला 'पोऱ्या' म्हणतात, कोणी 'मावशी'. वापरलेली अवजारे गोळा करणे, धुणे, निर्जंतुक करणे, खुर्ची पुसणे आणि कचरा वेगळा करणे हे त्यांचे काम. आमच्या मते दवाखान्याची अब्रू सर्वांत जास्त याच हातांत असते.

कावीळ 'ब' चा विषाणू रक्तातून पसरतो आणि वाळलेल्या रक्ताच्या डागातही तो सात दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो. एका रुग्णाच्या तोंडातले अवजार नीट निर्जंतुक न होता दुसऱ्याच्या तोंडात गेले, तर काय होईल हे सांगायला नको. अवजारे नुसती उकळून भागत नाही. पाणी शंभर अंशांवर उकळते आणि काही जंतूंचे बीजाणू तेवढ्याने मरत नाहीत. त्यासाठी ऑटोक्लेव्ह लागतो. प्रेशर कुकरसारखे हे यंत्र वाफेचा दाब वाढवते. १२१ अंश सेल्सियसवर साधारण १५ ते ३० मिनिटे, किंवा १३४ अंशांवर किमान ३ मिनिटे, ही त्याची रीत. नेमका वेळ यंत्र बनवणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे धरावा.

पण यंत्रात घालण्यापूर्वी अवजार घासून स्वच्छ झाले पाहिजे. रक्त किंवा लाळ चिकटून राहिली तर वाफ तिच्याखाली पोहोचत नाही. म्हणून क्रम असा : जाड हातमोजे घालून धुणे, कोरडे करणे, पाकिटात बंद करणे, मग ऑटोक्लेव्ह. पाकिटावरची खूण रंग बदलते, त्यावरून ते वाफेतून गेले हे कळते. रुग्णांनी आपल्यासमोर पाकीट फोडले जाते का, एवढे जरूर पाहावे. विचारण्यात लाज नाही, आणि चांगल्या डॉक्टरला त्याचा रागही येत नाही.

कचऱ्याचेही तसेच. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, नळ्या व हातमोजे लाल पिशवीत, सुया व पाती पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात आणि काच निळ्या खोक्यात जाते. एक सुई चुकून पिवळ्या पिशवीत पडली, तर ती कचरा उचलणाऱ्या गरिबाच्या हातात घुसते.

असे जोखमीचे काम करणाऱ्या माणसाला मालकाने काय द्यायला हवे? कावीळ 'ब' ची लस तीन मात्रांत मिळते : पहिली आज, दुसरी महिन्याने, तिसरी सहा महिन्यांनी. ती स्वखर्चाने द्यावी. जाड हातमोजे, डोळ्यांना चष्मा, बंद चप्पल द्यावी. हे काम का करायचे ते समजावून द्यावे आणि पगार असा द्यावा की ती व्यक्ती दर सहा महिन्यांनी दुसरीकडे जाणार नाही. घाईच्या दिवशी डॉक्टर ओरडला, "लवकर आण, रुग्ण थांबलाय," आणि मावशींनी उत्तर दिले, "साहेब, अजून दहा मिनिटे लागतील," तर त्या दवाखान्यात निर्धास्त जावे. तसे म्हणण्याची हिंमत ज्या नोकराला मिळत नाही, तेथे धोका आहे.

दात टिकवणारा हायजिनिस्ट

अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील ब्रिजपोर्ट गावी डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ मध्ये आपली सहायक आयरीन न्यूमन हिला दात साफ करण्याचे शिक्षण दिले आणि १९१३ मध्ये या कामाची पहिली शाळा काढली. दात बिघडल्यावर भरण्यापेक्षा ते बिघडू न देणे स्वस्त पडते, हा त्यांचा विचार होता.

आपल्याकडे बहुतेक छोट्या दवाखान्यांत हायजिनिस्ट नसतो. डॉक्टरच दात साफ करतो. जेथे काम वाढले आहे तेथे प्रशिक्षित व नोंदणीकृत हायजिनिस्ट ठेवला, तर डॉक्टरचा वेळ अवघड कामांसाठी मोकळा होतो आणि रुग्ण सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा येत राहतो. व्यापाऱ्याच्या भाषेत हे बांधलेले गिऱ्हाईक.

महाराष्ट्रात या कामाला आणखी एक बाजू आहे. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली; तरी तंबाखू, सुपारी आणि मावा यांची सवय सुटलेली नाही. यंत्रमागाच्या पेठा, गोदामे, ट्रकचे अड्डे येथे ती जास्त दिसते. सुपारीने गालाची आतली कातडी ताठरते आणि तोंड उघडणे कमी होत जाते. स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जात नसतील तर तो इशारा समजावा. पंधरा दिवसांत न भरणारे छाळे, पांढरा किंवा लाल चट्टा हेही तसेच इशारे. तोंडाचा कर्करोग वेळीच सापडला तर बरा होण्याची आशा मोठी असते. दात साफ करताना प्रत्येक तोंड शांतपणे पाहणारा हायजिनिस्ट किंवा मदतनीस असा चट्टा पाहून डॉक्टरला हाक मारतो, तेव्हा एका कुटुंबाचा कमावता माणूस वाचू शकतो. याची पावती कोणत्याही वहीत फाडली जात नाही, पण मोहल्ल्यात दवाखान्याचे नाव त्याने होते.

पडद्यामागचा कारागीर

आता आमच्या कारागीर वाचकांच्या जिव्हाळ्याचा भाग. कवळी आणि कॅप डॉक्टर बनवत नाही. ती बनते लॅबमध्ये, तंत्रज्ञाच्या हाताने.

धातूची कॅप बनवण्याची रीत सोनार आणि ओतारी बांधवांना लगेच ओळखू येईल. मापावरून दगडासारखा कठीण साचा ओततात, त्यावर मेणाचा दात कोरतात, मेणाभोवती उष्णता सोसणारा मसाला भरतात, भट्टीत मेण जाळून टाकतात आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. मूर्ती आणि दागिने ओतण्याची ही पुरातन कला १९०७ मध्ये अमेरिकेतील डॉ. विल्यम टॅगार्ट यांनी दातांच्या कामात रूढ केली. वर चिनी मातीचे थर चढवून पुन्हा भट्टी देतात. ही माती भाजताना आकसते, म्हणून दात मुद्दाम थोडा मोठा घडवावा लागतो. आता झिरकोनियाच्या कॅप संगणकावर आखून यंत्राने कोरल्या जातात. तोही पदार्थ सुमारे दीड हजार अंशांच्या भट्टीत जवळपास एक पंचमांश आकसतो. यंत्र आले तरी किती मोठे धरायचे, हा कारागिराचा जुना प्रश्न संपलेला नाही.

कवळीच्या अॅक्रिलिकमध्ये एक द्रव असतो, तो साधारण शंभर अंशांवर उकळतो. घाई करून साचा एकदम उकळत्या पाण्यात टाकला तर आतल्या आत बुडबुडे धरतात आणि कवळी सच्छिद्र होते. ती लवकर तुटते, तिला वास येतो. मंद आचेवर तासन्‌तास भाजलेली कवळी वर्षानुवर्षे चालते. "उद्या सकाळीच पाहिजे" असा तगादा लावणारा डॉक्टर आपल्याच रुग्णाचे नुकसान करतो.

डॉक्टर आणि लॅब यांच्यातला दुवा म्हणजे एक चिठ्ठी. प्रत्येक दाताला दोन आकडी नंबर असतो. ३६ म्हणजे खालची डावी पहिली मोठी दाढ, ४६ म्हणजे तीच उजवीकडची. एक आकडा चुकला की भलत्याच दातासाठी कॅप बनून येते. रंगाचेही तसेच. रंगाच्या पट्टीवर सोळा छटा असतात. छटा दिवसाच्या उजेडात आणि काम सुरू होण्यापूर्वी पाहावी लागते, कारण दात कोरडा पडला की तो आहे त्याहून पांढरा दिसतो. चिठ्ठी नीट भरणारा मदतनीस दवाखान्याचे हजारो रुपये वाचवतो.

लॅबच्या पैशांबद्दलही दोन शब्द. रुग्णाकडून पैसे रोख घ्यायचे आणि लॅबचे बिल तीन-तीन महिने लोंबकळत ठेवायचे, अशी वाईट चाल काही ठिकाणी पडली आहे. मग तंत्रज्ञ त्या डॉक्टरचे काम शेवटी घेतो, हलका धातू वापरतो. कारागिराची मजुरी त्याच्या हातात वेळेवर पडली, तर त्याचे मनही कामात पडते.

मालक डॉक्टरची जबाबदारी

हे सर्व हात जुळवून चालवणे हे डॉक्टरचे काम. सकाळी दवाखाना उघडण्यापूर्वी दहा मिनिटे सगळ्यांनी एकत्र बसून दिवसाची यादी पाहावी : कोण येणार, कोणाची कॅप लॅबमधून आली, कोणाला शुगर आहे. महिन्यातून एकदा तक्रारी मोकळेपणाने ऐकाव्यात. रुग्णासमोर नोकराचा पाणउतारा करू नये. प्रत्येकाचे काम दुसऱ्या एकाला तरी येत असावे, म्हणजे एखाद्याच्या घरी लग्न किंवा आजारपण निघाले तर दवाखाना अडत नाही.

एक मर्यादा मात्र पक्की ठेवावी. काही ठिकाणी जुना कंपाउंडर डॉक्टरच्या गैरहजेरीत दात काढतो, इंजेक्शन देतो. मालक कानाडोळा करतो, कारण गल्ला भरतो. हा कायद्याने गुन्हा आहे आणि रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे. हाताला सवय झाली म्हणून परवाना मिळत नाही. माणसाला मान द्यायचा तर त्याला शिकवून, त्याच्या कामाला नाव देऊन आणि पगार वाढवून द्यावा.

आपल्या मुलांसाठी वाट

दंतवैद्य होण्यासाठी नीट परीक्षा, चार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची उमेदवारी लागते. खाजगी महाविद्यालयांची फी सर्वांना झेपत नाही. पण तंत्रज्ञ आणि हायजिनिस्टचे अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत आणि ते बारावी विज्ञाननंतर करता येतात. जेथे तीन पिढ्या दागिने घडवले, ठशावर कोरीव काम केले, भट्टी सांभाळली, त्या घरातल्या मुलाच्या बोटांत तंत्रज्ञाचे अर्धे शिक्षण आधीच असते. प्रवेश घेण्यापूर्वी तो अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे काय आणि त्यावर राज्य दंत परिषदेकडे नोंदणी होते काय, याची लेखी खात्री करून घ्यावी. चकचकीत जाहिरात देऊन बिनमान्यतेचे प्रमाणपत्र विकणारे पुष्कळ आहेत.

जे वडील मुलासाठी किंवा मुलीसाठी दवाखाना काढत आहेत, त्यांना आमची एक सूचना आहे. खुर्ची परदेशी घ्यावी की देशी, यावर जेवढी चर्चा करता, तेवढीच चर्चा काउंटरवर कोण बसणार, अवजारे कोण धुणार आणि लॅब कोणती, यावर करा. पहिल्या वर्षी फरशी थोडी साधी बसवा, पण दोन चांगली माणसे ठेवा आणि त्यांना शिकवण्यासाठी वेळ काढा.

आपला धंदा दातांचा नसेलही. बेकरी असेल, गॅरेज असेल, शिवणकामाचा कारखाना असेल. आज संध्याकाळी दुकान बंद करताना एवढेच पाहावे की आपल्याकडे सर्वांत कमी पगार कोणाला आहे, आणि त्याच्या हातून एक चूक झाली तर आपले किती नुकसान होईल. तो आकडा पगारापेक्षा फार मोठा निघाला, तर पुढच्या महिन्याचा हिशेब कोठून बदलायला सुरुवात करायची हे आपल्याला कळलेच असेल.